मामांच्या मेंढ्या आणि माझा ब्लँक

३ एप्रिल, गुरुवार
यंदा सासऱ्यांना दाखवून द्यायचं. घनसावंगीचे रखमाजीमामा अकरा वर्षं पाहुण्यांना माझी ओळख 'बाटल्या धुतात' अशी करून देतात. मी जालन्यातल्या माती तपासणी लॅबमध्ये सीनियर अ‍ॅनालिस्ट आहे. (बाटल्याही धुतो. पण ते वेगळं.) मामांच्या वावरातली माती स्वतः आणलीय, आठ खड्ड्यांतली. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, काढून रिपोर्ट हातातच ठेवणार.

४ एप्रिल
एक ग्रॅम माती, डायक्रोमेट, वरून सल्फ्युरिक अ‍ॅसिड. अर्धा तास थांबायचं. चहामुळे पाऊण झाला. मग फेरसचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, जांभळ्याचं हिरवं होईस्तोवर. १८.६ मिली.
भार्गवी मॅडमनी (नवीन, वय तेवीस) विचारलं, सर, आजचा ब्लँक? ब्लँक म्हणजे सगळी रसायनं, फक्त माती नाही. ब्लँकपेक्षा मातीला द्रावण जितकं कमी लागतं, तितका कर्ब जास्त. रोज करावा असं पुस्तकात आहे. माझा डिसेंबरात बरोब्बर २०.० आला होता, तो कपाटावर मार्करने लिहून ठेवलाय. इतका सुंदर आकडा पुन्हा येत नसतो.
मामांचा कर्ब ०.२१. 'कमी'. वाईट वाटलं. फार नाही.

६ एप्रिल, रविवार
घनसावंगी. रिपोर्ट लॅमिनेट करून नेला. मामा दर उन्हाळ्यात वावरात धनगराच्या मेंढ्या बसवतात, लेंडीखतासाठी. तीस वर्षांचा नेम. ओट्यावर चारचौघांत सांगून टाकलं, मेंढ्यांचा काडीचा उपयोग झालेला नाही. मामा बराच वेळ कागद बघत राहिले. बाटल्यांचा विषय निघाला नाही. जिंकलो.

९ एप्रिल
दैवशाला (बायको) बोलत नाही. मामांनी मेंढ्या परत पाठवल्या. धनगराला म्हणाले, जावई शिकलेला हाय, त्याचं मशीन खोटं बोलणार न्हाई. मेंढ्या शेजारच्या पुंजारामच्या वावरात बसल्या. मामा बांधावर उभं राहून बघतात म्हणे.
मला भरून आलं. शेवटी विश्वास बसला!

११ एप्रिल
या आठवड्यात मंठ्यापासून घनसावंगीपर्यंत सगळ्यांचा कर्ब 'कमी'. अख्ख्या जिल्ह्याची माती ढासळतेय आणि ते फक्त माझ्या लक्षात आलंय. शोधनिबंध लिहायचा. शीर्षक ठरलं.
सायं. ५. मी चहाला गेलो असताना भार्गवीनं ब्लँक लावला. २४.०. म्हणाली, सर, फेरसचं द्रावण जुनं झालं की कमजोर होतं, मग जास्त लागतं. मामांचा हिशोब पुन्हा केला. ०.६८. जिल्हा ठणठणीत आहे. शोधनिबंध रद्द.

१२ एप्रिल, सकाळी ६
पर्याय एक : आठवड्यात माती सुधारली असं सांगणे. दैवशाला म्हणाली, मेंढ्या हाकलल्यावर सुधारली का मंग? पर्याय दोन : ताप. थर्मामीटर लावला. ९८.४. पुन्हा लावला. तेच. हे एक यंत्र मात्र बरोबर चालतं.

१३ एप्रिल, रविवार
गेलो. सांगितलं. मामांनी एवढंच विचारलं, म्हंजी तीस वर्सं वाया न्हाई गेली? नाही म्हटलं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला फार लाज वाटली.
मग म्हणाले, मेंढ्या तर गेल्या पुढच्या गावाला. आता जावईबापू, तुम्हीच बसा वावरात आठ दिवस.
सगळे हसले. दैवशाला सगळ्यात मोठ्यांदा. ओट्यावर एक नवा पाहुणा होता. त्यानं विचारलं, हे काय करतात?
मामा काही बोलायच्या आत मीच सांगितलं, बाटल्या धुतो.