नखाला लागणारी खाच

प्रिय आत्या,

मार्करने, मोठ्या अक्षरांत लिहितेय. पानं बरीच होतील, कंटाळू नकोस. आठ महिन्यांपूर्वी डोळे अधू झाले म्हणून तू रेडिओदुरुस्तीचं टेबल आवरलंस. त्या टेबलावर तुला पुन्हा बसवेल अशी चिप मी तेव्हापासून शोधत होते, आणि आज दुपारी ती ऑफिसात पक्की झाली. मला फार आनंद झालाय. माझ्या तोंडावर तो कधी दिसत नाही असं तू म्हणतेस, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या कंपनीचं हौशी लोकांसाठी एक किट निघतंय. घरी बसून आपणच सोल्डरिंग करायचं, आपणच प्रोग्रॅम लिहायचा. त्यात मायक्रोकंट्रोलर कोणता घालायचा, ते माझ्यावर सोपवलं होतं. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढं डोकं. दिवा कधी लावायचा, बझर कधी वाजवायचा, हे एकदा सांगून ठेवलं की ते बिनबोभाट करत राहतं. सहा चिप्स निवडीला होत्या. बाकीच्यांना सगळ्यात नवी हवी होती, वायरलेसवाली, भरपूर मेमरीची. तिच्या शेजारच्या दोन धातूच्या पायांत अंतर अर्धा मिलिमीटर. मला तर त्या पायांकडे बघूनच धडकी भरली.

मग मी काय केलं सांगू? सेफ्टी चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध धुरकट चिकटपट्टी लावली. मधलं पुसट होईल, कडेचं दिसत राहील, असं तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, अगदी तसं. तो चष्मा घालून सहाही चिप्स जोडून पाहिल्या. पहिल्या दिवशी एक बोट भाजलं, दुसऱ्या दिवशी दोन. शेजारच्या टेबलावरचा टेस्टिंगवाला म्हणाला की सर्कशीत काम मिळालं की आम्हाला पास पाठव.

पाच चिप्सचे पाय सोल्डरने एकमेकांना चिकटून गोळा झाले. सहावी जमली, आत्या. आठच पाय, ऐसपैस अंतरावर. सोल्डर फक्त सॉकेटला करायचं, चिप नंतर बोटांनी दाबून बसवायची. वरची बाजू कुठली, हे बघावंही लागत नाही. तिथे एक खाच आहे, ती नखाला लागते. तरी कुणी उलटी बसवलीच, तर? मी वीज येते त्या वाटेवर तिला आवर घालणारा एक रेझिस्टर टाकला आणि मुद्दाम वीस वेळा उलटी बसवली. विसाच्या वीस वेळा, सरळ केल्यावर मुकाट्याने चालू झाली. प्रोग्रॅम चुकला तर पुसून पुन्हा लिहायचा. दहा हजार वेळा चालतं म्हणतात. मी तीनशे वेळा करून पाहिलं.

साहेबांनी नाक मुरडलं. जुनी आहे म्हणाले, मेमरी चिमूटभर. कुंडीतली माती सुकली की दिवा लावायला किती मेमरी लागते, ते मी मोजून दाखवलं. आठ हजार बाइटपैकी सहाशे. तेव्हा त्यांनी सही केली आणि विचारलं, "आता खरं सांग, हीच का?" मी म्हटलं, पाय मोठे आहेत. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं तुलाच सांगायचं होतं. त्या दिवशी तू चिप उलटी बसवलीस, धूर निघाला, आणि मी तुझ्या हातातून सोल्डरिंग आयर्न काढून घेत म्हटलं, "राहू दे आत्या, आता तुला नाही जमायचं." तू दुसऱ्या दिवशी टेबल आवरलंस. काम बंद करा असं डॉक्टरांनी कुठेच लिहिलेलं नाही. मी फाइल दोनदा वाचली. बंद करायला सांगितलं ते मी. आठ वर्षांची असताना मी तुझे किती सुटे ट्रान्झिस्टर जाळले, आणि तू दर वेळी फक्त दुसरा हातात ठेवलास. माझं चुकलं. हे समोर बसून मला बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. शनिवारी पहिलं किट घेऊन येतेय. ते तू जोडायचंस. मी हात मांडीखाली दाबून समोर बसेन. धूर निघाला तर निघू दे, दुसरी चिप हातात ठेवीन.

तुझीच,
गप्प बसायला शिकलेली भाची