मामांच्या फियाटचा तळ

६ ऑगस्ट १९९५, रविवार

ड्रायव्हरच्या बाजूची चटई उचलली. खाली पत्रा नाहीच. ओले तपकिरी पापुद्रे, चिमटीत धरले की भुगा. एका जागी बोट टेकवलं ते आरपार गेलं आणि विट्यातल्या आमच्या अंगणातल्या गवताला लागलं.

नऊ वर्षं ही फियाट मंगळूरला मामांच्या गलाईच्या दुकानामागे उभी राहायची. तेजाबाचा धूर बाहेर पडतो, बरोबर त्या खिडकीखाली. वर समुद्राची खारी हवा. मी तिथे दोनच वर्षं सोनं गाळायला शिकलो, तर खोकल्यानं आडवं होता येईना. गाडीचं काय राहणार.

गाडी इथे सोडून जाताना मामा जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "दसऱ्याला येतो. परत जाताना ह्याच गाडीतनं मला सांगलीच्या स्टँडवर सोड. तळ टिकला तर गाडी तुझी. वडाप कर, शिटं भर, न्हाईतर काय बी कर. न्हाई टिकला, तर गाडी भंगारात आन् तू माझ्यासंगं दुकानात."

मी हो म्हणालो. तेव्हा चटई उचलून पाहिली नव्हती.

८ ऑगस्ट, मंगळवार

यंत्रमागावरची माझी पाळी संपल्यावर सदाला घेऊन आलो. सदा वेल्डिंग करतो, आठवीपर्यंत माझ्याच बाकावर होता. हातोडीनं ठोकत गाडीखाली शिरला. आतूनच ओरडला, "आशक्या, गाडी न्हवं रं ही, चाळण हाय. आईला दे, पीठ चाळंल."

बाहेर आल्यावर नीट बोलला. इंजिन चांगलं. दरवाजे चांगले, खालच्या कडा सोडून. तळ पुढच्या दोन्ही बाजूंना कापायचा आणि नवा पत्रा बसवायचा. नवा घेशील का, म्हणाला. मी खिसा उलटा करून दाखवला. "मग भंगारात लोखंडी कपाट बघ. दार सपाट असतंय, जाड बी असतंय."

हे पटलं. पण मागचा जो पत्रा राहणार, त्याचा गंज आधी काढला पाहिजे. आजपासून रोज सकाळी बॅटरी घेऊन बघणार आणि इथे लिहिणार: गं. आहे, किंवा गं. नाही.

आज: गं. आहे. सगळीकडे.

१३ ऑगस्ट, रविवार

वायर ब्रश, पॉलिश पेपर, पुन्हा ब्रश. बोटांची सालं गेली. सपाट जागा निघतात, पण दोन पत्रे जिथे एकावर एक बसतात त्या जोडांत ब्रश शिरत नाही.

दुपारी सुचलं. दुकानात घासून जे निघत नाही ते तेजाबानं निघतं. हे मला दोन वर्षं शिकवलं आणि मी तारेनं घासत बसलोय! शेजारच्या जाधव आण्णांकडे चांदी गाळायची जुनी भट्टी आहे. त्यांच्याकडून बाटली आणली, पाणी घालून मारलं. पिवळा धूर. तोंडाला पंचा बांधला तरी ठसका लागलाच. पण अर्ध्या तासात पत्रा पांढरा झाला, चमचा घासल्यासारखा. पुसला, लगेच रेडऑक्साइडचा हात दिला.

आईला बोलावून दाखवलं. म्हणाली, "लाल केलंस व्हय, बरं दिसतंय."

१४ ते १७: गं. नाही. चार वेळा लिहायचं ते एकदाच लिहितो.

१९ ऑगस्ट, शनिवार

गं. आहे.

जोडांच्या रेषेनं लाल रंगाला फोड आले आहेत. नखानं फोडले तर आत नारिंगी पाणी. जिथे तेजाब मारलं नव्हतं, तिथे एकही फोड नाही. म्हणजे मीच. ते जोडांत जाऊन बसलं आणि वरून मी रंगाचं झाकण लावलं.

सदा हसून खाली बसला. "गलाईवाल्याची अक्कल! सोनं हाय व्हय ते, तेजाबात टिकाय?"

जेवलो नाही. आई म्हणाली, "मामा काय परका हाय का? सावलीतलं काम. समद्या गावाची पोरं जात्यात. तुझंच लय अवघड." मी म्हटलं, गावाची पोरं खोकत नाहीत. ती म्हणाली, खोकत्यात, पर पैसं बी पाठवत्यात. त्यावर

२० ऑगस्ट, रविवार

कालचं वाक्य अर्धं राहिलं. राहू दे.

सगळा रंग खरवडला. धुण्याचा सोडा पाण्यात कालवून जोडांत ओतला. दुकानात तेजाब सांडलं की सोडाच टाकायचे. जिथे फसफसलं तिथे तेजाब शिल्लक. गाडीला कान लावून ऐकत होतो, शेजारची पोरं बघून हसत होती. धुतलं, वाळवलं, पुन्हा ओतलं. संध्याकाळी कुठूनही आवाज आला नाही.

ह्या वेळी घाई करणार नाही. आधी चार उन्हं खाऊ देणार.

२४ ऑगस्ट, गुरुवार

भंगारवाल्याकडे कपाट आहे, दोन्ही दारं चांगली. तो देईल, पण फुकट देणार नाही. सदा मजुरीसाठी थांबेल, गॅसवाला थांबणार नाही. पगाराला वेळ आहे आणि त्यातलं किराणावाल्याचं आधीच गेलंय.

कुंपणावर गाडीच्या चटया टाकल्या होत्या. कुजक्या, वास मारणाऱ्या. फेकायला उचलल्या आणि थांबलो. दुकानात चटई फेकत नाहीत. पायपुसणं नाही, केरसुणी नाही, जुना टॉवेलसुद्धा नाही. सगळं जाळतात आणि राखेतलं सोनं काढतात. मामा आणि त्यांची माणसं नऊ वर्षं भट्टीपासून उठून ह्याच चटयांवर पाय ठेवत आली.

पण गाडी अजून मामांची. चटयाही मामांच्या. एस.टी.डी.वरून फोन लावला.

"मामा, गाडीतल्या चटया जाळू का?"

मीटर पळतंय. मामा इतके हसले की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "माझ्या पायाचं सोनं, आन् मलाच विचारतूस? जाळ. निघालं तर पत्र्याला लाव. न्हाई निघालं तर राख दात घासाय ठेव."

२७ ऑगस्ट, रविवार

आण्णांच्या भट्टीवर केलं. चटया जाळल्या, राख चाळली, पाण्यात धुतली, जड खाली राहिलं ते टाकणखार घालून आटवलं. शेवटी तेजाब लागणारच होतं. दार उघडं ठेवून मारलं, तरी छाती भरली ती भरलीच.

ज्वारीपेक्षा लहान, बाजरीपेक्षा मोठा एक मणी निघाला. पिवळाधमक. आण्णांनी चष्मा पुसून पाहिला. "हात इसरला न्हाई की रं तुझा. माझ्या पोराचं निम्मं राखंत ऱ्हातंय."

खरं सांगायचं तर आनंद झाला. हातालाच झाला. छातीला नाही.

३ सप्टेंबर, रविवार

मणी विकून कपाट आणलं. मापं मी घेतली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला, तीनदा ठेवून पाहिला, मगच कापायला दिला. सदा वैतागला. "पँट शिवतूयास व्हय?" पण दार बसलं ते असं बसलं की कुठे हातोडी मारावी लागली नाही. कुलपाचं भोक ड्रायव्हरच्या टाचेखाली आलं. ते बुजवू म्हटलं, तर सदा म्हणतो ठेव, किल्ली घालून गाडी उघडू. बुजवायला लावलं.

१० सप्टेंबर, रविवार

दुसरी बाजूही झाली. आज आण्णा हाक मारून सांगत होते. त्यांनी मामांना फोनवर मण्याची गोष्ट सांगितली. कौतुकानंच सांगितली.

मामांचा निरोप असा: "चटईतनं सोनं काढणारा हात वडापला घालवायचा व्हय?" दसऱ्यानंतरच्या बसची दोन तिकिटं काढणार आहेत.

दोन.

म्हणजे मी पत्रा आणला तो त्या मण्याच्या जिवावर, आणि त्या मण्यानंच… ठीक आहे. ठरलं तसं तळ करून दाखवायचा. बोलणं नंतर. गं. नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

रेडऑक्साइड, दोन हात, मध्ये पूर्ण वाळवून. तासगाव रस्त्याच्या कामावरून डबाभर डांबर मागून आणलं, तापवून खालच्या बाजूनं फासलं. दरवाजांच्या पोकळीत जळकं ऑइल सोडलं. कपड्यांवरून आई दोन दिवस बोलत नाही. गं. नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

रात्रभर पाऊस. विट्याला एवढा पडत नाही. सकाळी अनवाणी जाऊन आत हात फिरवला. कोरडं. तरी विश्वास बसेना. गाडी ओढ्यातून नेली, परत आणली. सदा काठावर बसून टाळ्या वाजवत होता. "आता पोहाय शिकीव तिला!"

गं. नाही. पाणी नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

मामा काल आले. सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. संध्याकाळी पालख्यांची शर्यत, गलाईवाले सगळ्या मुलखातून आलेले, गर्दीत मामा कुठे दिसले नाहीत. घरी येऊन पाहतो तर गाडीत बसून टाच आपटत होते.

"हे गोल कसलं?"

"कपाटाच्या कुलपाचं भोक. बुजवलंय."

"मग दागिनं कुठं ठेवलंस?"

हसले. तिकिटांचं बोलले नाहीत. मीही काढलं नाही. जेवताना आईनं माझी बॅग खाली काढून ठेवलेली दिसली. तिनं ती पुसूनही ठेवली आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार, सांगली

गाडीतच बसून लिहितोय. स्टँडच्या बाहेर. हुबळीच्या बसला वेळ आहे, पुढे मंगळूरची गाठायची. मामा समोर चहा घेतायत. माझी बॅग मागच्या सीटवर आहे. आईनं ठेवली, मी काढली नाही.

विट्यातून निघताना मामांनी बूट काढले. मग मोजे काढले. उघडे पाय कपाटाच्या दारावर ठेवले. तासगावच्या पुढे पाऊस लागला, रस्त्यात तळी साचलेली. प्रत्येक तळ्यात माझे खांदे वर जायचे. ते पाय उचलतील म्हणून मी रस्ता कमी आणि पायच जास्त बघत होतो. "म्होरं बघ," म्हणाले. सांगली येईपर्यंत पाय उचलले नाहीत.

इथे उतरून तळव्यांवरून हात फिरवला.

"कोरडं हाईत. गाडी तुझी."

मी वाकून पत्र्यावरून हात फिरवला.

मग मामांनी खिशातून दोन्ही तिकिटं काढली. "गाडी कुनी बी चालवंल रं. तसा हात कुठं मिळतोय? धुराडं उंच केलंय ह्या वर्षी. आता धूर खाली येत न्हाई. तुझ्यासाठीच केलंय म्हण."

"मामा, छाती तीच हाय."

"बघ. बस लागूस्तवर बघ." एक तिकीट पुढच्या काचेजवळ ठेवून गेले. अजून तिथेच आहे.

धुराडं खरंच उंच केलं असेल. मामा खोटं बोलत नाहीत.

आत्ता दोन बायका आल्या. डोक्यावर गाठोडी, एकीच्या कडेवर मूल, तिघंही भिजलेली. काचेवर टकटक. "दादा, इट्याला जाती का गाडी?"

मामा चहाच्या गाड्यावरून इकडेच बघत होते.

बॅग पुढे घेतली, मागचं दार उघडलं. "बसा," म्हणालो. "पर पाय पुसून बसा."