आधी ‘तयार’ दाबायचं

३ फेब्रुवारी, सोमवार
मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात आजपासून रुजू झाले. झकास वाटतंय! जोगेश्वरीहून एकच बस, आणि संध्याकाळच्या चहाला अण्णांजवळ घरी. आई गेल्यापासून आम्ही बापलेक दोघंच, त्यामुळे लांबची नोकरी मला नकोच होती. मालक सुबोध माझ्याच वयाचा. अहो-जाहो केलं की वैतागतो. आम्ही स्वयंपाकाची भांडी चार वेबसाइटांवर विकतो आणि चारही ठिकाणच्या ऑर्डरी माझ्या एकाच स्क्रीनवर येऊन पडतात. सुबोधचा नियम असा, की ऑर्डर दिसली की आधी ‘तयार’ दाबायचं, वस्तू मग शोधायची. उशीर झाला तर वेबसाइटवाले दुकानाला खाली ढकलतात म्हणे. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, दुसरं काय! पॅकिंगवाला नितेश म्हणाला, अख्ख्या इस्टेटीत सगळे असंच करतात.

६ फेब्रुवारी
हात बसला. सकाळी सगळ्या ऑर्डरींवर एकदम खूण करते आणि ‘तयार’ दाबून मोकळी होते. आज एका ऑर्डरीत चष्मा निघाला. आम्ही चष्मे विकतच नाही. फोटोतल्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, अगदी अण्णांच्या चष्म्यासारखी. नितेशला शेल्फवर काही सापडलं नाही, तरी संध्याकाळी ऑर्डर ‘रवाना’ दाखवत होती. सिस्टीमची गडबड असेल यार, तू कशाला डोकं लावतेस, असं सुबोध म्हणाला.
घरी आले तर अण्णा विचारताहेत, “गो चेडवा, माजो चष्मो खंय ठेवलंस?” सगळं घर उलथंपालथं केलं. नाही मिळाला.

११ फेब्रुवारी
काल ऑर्डरीत अण्णांचा पानाचा डबा दिसला, आणि घरातून गेला. आज काठी. फोटोत मागे आमच्याच भिंतीवरचं कॅलेंडर आहे. ‘रद्द’ दाबून पाहिलं, पण एकदा ‘तयार’ दाबलं की रद्द होत नाही. सुबोधला ओढून आणलं, तर त्याला तिथे नुसती किसणी दिसली. दोन दिवस सुट्टी घे म्हणाला. घरी अण्णा भिंतीला धरून चालत होते. मला फार भीती वाटतेय.

१३ फेब्रुवारी
सुट्टी घेतली नाही. मी नसताना दुसऱ्या कुणी दाबलं असतं. आज एकेक ऑर्डर वाचायची, असं पक्कं ठरवून बसले होते. पण ऑर्डरी धडाधड पडत होत्या, सुबोध ओरडत होता, आणि बोटांनी सवयीने — सगळ्यांवर खूण. ‘तयार’.
मग यादीत खाली पाहिलं. फोटोत खुर्चीत बसलेले अण्णा. शिल्लक नग: एक.
मीच दाबलं. मीच —
वेबसाइटवाल्यांना फोन केला. मुलगी गोड बोलली. रद्द होणार नाही, मॅडम. माल उचलायला माणूस उद्या दुपारी येईल. पत्ता विचारला, तर तिने आमच्या घराचा वाचून दाखवला.

१४ फेब्रुवारी, सकाळ
कामावर गेले नाही. दाराला आतून कडी घातलीय. अण्णांना काहीच सांगितलेलं नाही. तरी ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेत. न्यायला कोणीतरी येणार आहे, म्हणतात. कोण, ते त्यांना माहीत नाही.

दुपार
डाव्या हातात त्यांचा हात घट्ट धरलाय. लिहीत राहिले तर ओरडणार नाही.
मेसेज आला. माणूस जिन्यात आहे.
बेल.
उघडणार नाही. अण्णा उठताहेत — मी खाली ओढतेय — अण्णा, बसा ना —
बेल थांबली.
कडी तशीच आहे. दार बंद आहे. मी हात सोडलेला नाही, देवाशप्पथ.
फोनवर आलंय — ‘रवाना’.
मान वळवून बघवत नाही. हात सोडलेला नाही, पण हातात —