कॅलेंडरवरची घोडी

खडकी, पुणे
९ डिसेंबर २००२

ती. नागोराव मामांस,
स. जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्ही लगेच मामीच्या गुडघ्यांकडे वळता, म्हणून झाले ते क्रमाने लिहिते.

१. ऑक्टोबरच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत, तुम्ही ज्याचा तबेला सांभाळता त्या क्लबची शर्वरी घोडी तिसऱ्या अडथळ्यापाशी अडली. दत्तप्रसादने तिला बुटांच्या लोखंडी काट्यांनी टोचले. ती उडाली, तेव्हा मी फोटो घेतला. कुशीवर रक्ताचा ओघळ स्पष्ट आला.
२. संध्याकाळी ती जखम तुम्ही धुतलीत. बादली मी धरली होती.
३. मी स्लाइड फिल्म वापरते. तिला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून निघते तीच मूळ प्रत. ती मी स्कॅनिंगसाठी क्लबच्या ऑफिसात दिली, कारण तुम्ही म्हणालात की सेक्रेटरीसाहेब आपलेच आहेत.
४. क्लबच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर तोच फोटो आहे. कूस स्वच्छ आहे. खाली माझे नाव आहे.
५. मी जाब विचारला. साहेब, म्हणजे दत्तप्रसादचे वडील, म्हणाले की कॅलेंडर लोक दिवाणखान्यात लावतात, खाटिकाच्या दुकानात नाही. स्लाइड हरवली, असेही म्हणाले.
६. मी घोडेस्वारी संघटनेकडे तक्रार केली. क्लबने उलट कळवले की रक्त नव्हतेच, मी बदनामी करते आहे. रविवारी, २२ तारखेला चौकशी समिती बसेल. पुरावा नसेल, तर यापुढे कुठल्याही स्पर्धेच्या मैदानात मला कॅमेरा घेऊन जाता येणार नाही.

ते कॅलेंडर घरात ठेवायची मला किळस वाटते. जखमेच्या जागी त्यांनी बाजूच्या केसांचा तुकडा चिकटवला आहे आणि केस उलट्या दिशेने गेले आहेत. खोटे काम, तेही गचाळ. हडपसरची सॉफ्टवेअरची नोकरी सोडली तेव्हा आई म्हणाली होती, निदान लग्नाचे फोटो काढ, जेवण तरी मिळेल.

तुम्ही समितीपुढे येऊन काय धुतलेत ते सांगावे. लोभ असावा, आणि उत्तरही असावे.

आपली भाची,
आम्रपाली


तबेल्यामागची खोली, खडकवासला रस्ता
१२ डिसेंबर २००२

चि. आम्रपालीस,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. आकडे घालून मामाला पत्र लिहिणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. तुझी मामी म्हणते, ही पोरगी सोयरिकीच्या पाहुण्यांनाही अशीच कलमे वाचून दाखवील. तिचे गुडघे बरे आहेत, तू विचारले नाहीस तरी सांगतो.

अगं, पलटणीत अशा जखमा मी ढिगाने पाहिल्या. शर्वरीची केव्हाच भरली. तिला आता एक शाळा विकत घेते आहे, लहान मुलांना बसायला शिकवण्यासाठी. कॅलेंडरवरचा फोटो पाहूनच त्यांना ती आवडली. तेवढे बुटांचा आवाज आला की अजून मागचे पाय झाडते.

आता खरे सांगतो. स्लाइड हरवलेली नाही. साहेबांनी ती माझ्याजवळ ठेवायला दिली आहे. म्हणाले, नागोराव, पोरगी तुमच्या घरातली, समजूत तुम्हीच घाला. तक्रार मागे घेतल्याच्या दोन ओळी लिही. स्लाइड तुझी, शिवाय वर्षभर क्लबचे सगळे फोटो तुझेच. माझ्या डोक्यावरचे छप्पर क्लबचे आहे, हे तुला कलम घालून सांगायला नको.

तुला पहिल्यांदा घोड्यावर मीच बसवले होते. रागाला लगाम घाल, माया मोकळी सोड.

तुझा,
मामा


खडकी, पुणे
१५ डिसेंबर २००२

ती. मामांस,
स. जय भीम. वि. वि.

मामीचे गुडघे बरे आहेत हे वाचून बरे वाटले. बाकी मजकुराची शिसारी आली. साहेबांकडून मला वेगळी अपेक्षा नव्हती. पण माझी स्लाइड तुमच्या खोलीत होती आणि फोनवर तुम्ही मला गुडघ्यांचे सांगत होतात.

त्या शाळेतली मुले बूट घालूनच येतील. एखाद्याला लाथ बसली, तर घोडी वाईट ठरेल.

तक्रार मी मागे घेणार नाही. वर्षभराचे काम नको. स्लाइड कुठे आहे असे समितीने विचारले, तर तुमच्याकडे आहे, असे मी सांगेन. हे तुमच्या पाठीमागे व्हायला नको, म्हणून आधी कळवते आहे. खोली गेली, तर आमच्याकडे जागा आहे. आईला विचारले. ती म्हणाली, दादाला आमंत्रण कशाला लागते, गाठोडे उचल आणि ये म्हणावं.

स्लाइड कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवली असेल, तर काढा. कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. धरताना फक्त कडेला धरा.

रविवारी सकाळी ती घेऊन तुम्ही समितीपुढे येणार की नाही, ते गुरुवार, १९ तारखेपर्यंत लिहून कळवावे.

आपली,
आम्रपाली