दत्तूचा सदरा

शनिवार, दिवेलागण

सोमवारी सारिकाची अग्निशमन भरतीची चाचणी. माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन धावायचं आहे. सरावाला आम्ही पोत्यात वाळू भरली, पण पोतं निसटायचं, म्हणून मी त्याला दत्तूचा जुना सदरा चढवला. तिथंच चुकलो का? दत्तू माझा मुलगा, तिचा बाप. उरवड्याच्या कारखान्यातल्या आगीत धुरात पडला, कुणाला उचलता आला नाही. सदऱ्याचं गळ्याचं बटण तो कधी लावायचा नाही, गुदमरतं म्हणायचा. आज सकाळी मी मात्र लावलं, पकड घट्ट बसावी म्हणून.

संध्याकाळी सारिकानं विहिरीपासून पळत येऊन पोतं ओट्यावर भिंतीला टेकवलं.

"आबा, वाळू काढली का तुमी? आज लई हलकं लागलं."

मी कशाला काढू? काट्याला लावून पाहिलं. वजन तेवढंच.

तेवढ्यात सूनबाई बाहेर आली आणि कामावरून आलेल्या माणसापुढे ठेवावा तसा पाण्याचा तांब्या पोत्यापुढे ठेवून आत गेली.

मला धास्ती वेगळीच. म्हटलं, "पोरी, तितं परका पुतळा असंल. त्यो उचलवंल का तुला?"

"ह्यो उचलला की समदे उचलवत्यात, आबा."

तरी सदरा काढायचाच, असं ठरवून उठलो. गळ्याला हात घातला तर बटण उघडं. पळताना निघालं असेल. विचारलं नाही.

सदरा राहू दिला. बटणही परत लावलं नाही.