मूठभर कच्चे तांदूळ

पणजी,
मंगळवार, १७ जानेवारी १९८९

ती. सर्वेशदादास,
गौरवीचा सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरी सगळी खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. आईबाबांना नमस्कार सांग, वैशालीवहिनीला आठवण सांग. संक्रांत होऊन गेली तरी तिळगूळ पाठवत नाही, कारण पुढे गोड बोलणं मला जमणार नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी चक्कर येऊन पडले ही गोष्ट खरी. बसचा कंडक्टर गुरुदास ती घरी सुर्ल्याला पोचवणार हेही मला ठाऊक होतं. पण त्यावरून तू जो निकाल देऊन टाकलास तो वाचून माझं डोकं फिरलं. म्हणे पणजीचं खाणं मला बाधलं, पाव खाऊन खाऊन रक्त आटलं, आता परीक्षेचा नाद सोडून घरी यावं. ट्रक चालवता चालवता तू डॉक्टर कधी झालास, दादा?

मी इथे काय खाते ते ऐक. सकाळी सायकलवरून पाव घेऊन पोदेर येतो, त्याच्याकडचा एक उंडा पातळभाजीबरोबर. दुपारी आणि रात्री खोलीवरच, स्टोव्हवर उकड्या तांदळाचा भात. माझ्याबरोबर चंद्रावती राहते, ती पेडण्याची. तिला तांबडी भाजी आणि तिसऱ्या यांच्यापुढे जगात काही दिसत नाही. बाजारातून बांगडे आणले की एक तिचा, एक माझा. पहिल्या वेळी तिने अख्खा बांगडा माझ्या ताटात घातला, तेव्हा मी डोकं खाल्लं, शेपटी खाल्ली आणि मधला भाग ताटाच्या कडेला सारून ठेवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "तो कोणाक दवरला गो?"

कोणासाठी ठेवला, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. तुला आहे. आपल्या घरात मधला तुकडा तुझा आणि बाबांचा. तुमची जेवणं झाली की आई आम्हा बहिणींना वाढायची, भातावर माशाचं हुमण आणि त्यात सापडलं तर डोकं. आई स्वतः तर हुमणच प्यायची आणि आपल्याला मासळी आवडत नाही म्हणायची. तुला ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांची खालची कड ओढून बघितली, रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं की हे पणजीतल्या दीड वर्षाचं काम नव्हे, हे लहानपणापासूनचं आहे. तेव्हा रक्त आटलं ते कुठे, हे तूच ठरव. मी गोळ्या घेते आहे आणि पोटभर जेवते आहे. कॉलेज सोडणार नाही, परीक्षेला बसणार आहे. हे सगळं आईला वाचून दाखवलंस तरी चालेल. ती रडेल, पण ऐकू दे तिला.

इथे मात्र थांब. पुढचं पान सोप्यावर बसून मोठ्याने वाचू नकोस. मागच्या अंगणात जा आणि एकटा वाच.

त्या बाईंनी मला आणखी एक विचारलं होतं. कच्चे तांदूळ, खडू, माती असलं काही खावंसं वाटतं का? रक्त कमी झालं की बायकांना असं वाटतं म्हणे. मी नाही म्हटलं, आणि नाही म्हणता म्हणता मला गंगाताई दिसली. पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती तेव्हा न्हाणीमागे उभी राहून मुठीने कच्चे तांदूळ खायची. मला बघितलं की हसायची आणि चार दाणे माझ्याही हातावर ठेवायची. तुला ते दिवस आठवतात का? गोव्याचं वेगळं राज्य झालं म्हणून तू ट्रकला फुलांच्या माळा लावून मिरवणुकीत गेला होतास. त्याच पावसाळ्यात ताई गेली. रक्त थांबलं नाही. तिच्यापाठोपाठ तिचं बाळ. देवीच्या मनात नव्हतं, असं सगळ्यांनी म्हटलं आणि आपण ते मान्य केलं.

देवीला कशाला मध्ये आणता? ताई ताटावर बसली की आई तिच्यापुढचा भात काढून घ्यायची, तुझ्या-माझ्या डोळ्यांसमोर. "इल्लेंच जेव गो बाये. भुरगें व्हड जालें जाल्यार तुकाच जड जातलें." बाळ लहान राहिलं तर लेकीची सुटका लवकर होईल, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या आईने तिला तसंच जेवू घातलं होतं. काढलेला भात ती स्वतःही खायची नाही, तुझ्या ताटात घालायची. दादा, आईने ताईला मायेने उपाशी ठेवलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. लिहिताना आईचा इतका राग आला की पेन खाली ठेवून मी बाहेर जाऊन आले. आणि तो तिच्यावर काढू कसा? ती मरून जाईल.

म्हणून तो तुझ्यावर काढते आहे, आणि तो तुझ्यावरच निघायला हवा. कारण तू पत्राच्या शेवटी मजा म्हणून लिहिलंस की वैशालीला हल्ली कच्च्या तांदळाचं खूळ लागलंय, मडक्यात हात घालून खाते आणि आई ओरडते. वर लिहिलंस की आई तिची फार काळजी घेते, मोजकंच वाढते. सातवा महिना लागला आहे तिला. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण आपल्याकडेच. आणि तुला मजा वाटते.

हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक उभा कर आणि वहिनीला डिचोलीच्या दवाखान्यात ने. रक्त तपासायला सांग. मालक ओरडला तर ओरडू दे. आईला एवढंच सांग की डॉक्टरांनी भरपूर जेवायला सांगितलंय. तिने वाद घातला तर माझं नाव पुढे कर, पणजीत शिकून पोरगी शेफारली म्हणून खुशाल दोघं मिळून मला बोला. पण ताईचं आईला सांगू नकोस. कधीच नको.

आणि रात्री जेवायला बसशील तेव्हा वहिनीला तुझ्या शेजारी बसव, तुझ्या नंतर नव्हे. आईलाही ओढून बसव. मधला तुकडा आपल्या हाताने वहिनीच्या ताटात घाल. तुला लाज वाटेल, बाबा काहीतरी बोलतील, आई उठून चुलीकडे जायला बघेल. तरी घाल. आणि वहिनी तो कडेला सारून ठेवेल, मी ठेवला होता तसा. ती खाईपर्यंत तू उठू नकोस.

ती जेवली का, एवढंच मला उलट टपाली कळव. बाकी काही लिहू नकोस.

तुझी उरलेली एक बहीण,
गौरवी