आडव्या वाशाखालून

प्रिय आई,

काल रोह्याला माझी बॉक्सिंगची मॅच होती. तू गेल्यानंतरची पहिलीच. घरी आले, पिशवी खांद्यावर तशीच, आणि सवयीनं ट्यूबलाइटखाली हनुवटी वर करून उभी राहिले. समोर तू नाहीस हे लक्षात यायला थोडा वेळच गेला. तेव्हाच ठरवलं, तुला सगळं लिहून कळवायचं.

तू कधी 'जिंकलीस का' असं विचारलंच नाहीस गं! हनुवटी धरायचीस, तोंड डावीकडे, मग उजवीकडे वळवायचीस. मूर्तींच्या कारखान्यात गणपतीला कुठे तडा गेलाय का ते बघायचीस, अगदी तशी. आणि मग, "कुठं लागलं गो?"

एकदा मी खोटं बोलले होते. खांब गावात मैत्रिणीकडे जाते म्हणाले आणि मॅच खेळून डोळा सुजवून आले. दारावर आपटले म्हटलं. तू हळद गरम करत होतीस. वर न बघता म्हणालीस, "आता दाराला पन हात फुटले काय?" मला हसू आलं आणि डोळा आणखीच दुखला.

त्याच दिवशी तू अट घातलीस. "जा. मी नाय अडवत. पन तोंड जसं नेतेस तसं घरी आनायचं." आई, बॉक्सिंगमध्ये अशी अट घालतात का कुणी? पण मी हो म्हणाले. आणि तू होतीस तोवर ती मला एकदाही पाळता आली नाही.

माझी खोड एकच होती. ठोसा आला की मी मान खाली घालायची. बॉक्सिंगचे सर हॉलमध्ये खांद्याइतक्या उंचीवर दोरी बांधायचे. तिच्याखालून वाकून इकडून तिकडे जायचं, नजर मात्र समोरच्यावर. मी वाकले की नजर फरशीवर! लगेच सरांचं पॅड कानावर बसायचं. "खाली काय सांडलंय काय गो तुझं?" सहा महिने हेच चाललं होतं.

मग तू गेलीस. दिवसकार्य झाल्यावर कारखान्यातले काका घरी आले. तुझी जागा रिकामी आहे, अर्धा दिवस तरी येशील का म्हणाले. मी गेले. तुझा ब्रश डब्यात तसाच होता. तिथे बसून रडले, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी ओली मूर्ती सुकवायला आतल्या शेडमध्ये नेत होते. तिथला तो बुटका आडवा वासा आठवतो ना? दोन्ही हातांत मूर्तीचा पाट. मी गुडघ्यात बसले, वाशाखालून गेले, पलीकडे उभी राहिले. पाठ ताठ, नजर समोर. आणि तशीच थांबले. मागची बाई ओरडली, "चल ना गो पुढं!"

एकदम आठवलं. मी आठ वर्षांची होते. हातात वीतभर गणपती होता. त्या वाशाखाली कमरेत वाकले आणि बाप्पाची सोंड माझ्याच कपाळावर आपटून तुटली. तू रागावली नाहीस. एवढंच म्हणालीस, "मान कशाला घालतेस? गुडघ्यात बस. डोले समोर ठेव, म्हंजी कलंल काय येतंय." दुसरी मूर्ती हातात दिलीस आणि पुन्हा जायला लावलंस.

सर सहा महिने घसा फोडून जे सांगत होते, ते तू मला कधीच शिकवून ठेवलं होतंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! एकदा, फक्त एकदा तू हॉलवर येऊन बसली असतीस, तर तुला माझी चूक बसल्या जागी दिसली असती. "माज्यानं नाय बघवत" म्हणून तू टाळत राहिलीस. मीही कधी हट्ट धरला नाही. याचा राग तुझ्यावर काढू की स्वतःवर?

तर काल. समोर नागोठण्याची मुलगी, लांब हातांची. पहिला ठोसा आला, मी गुडघ्यात बसले, तो डोक्यावरून गेला. दुसरा गेला. तिसराही! तिचे डोळे मला शेवटपर्यंत दिसत होते. चुकवण्यात इतकी रमले की मारायचंच राहून गेलं.

हरले, आई. गुणांवर हरले. सर म्हणाले, "नाचायला गेलेलीस काय?" मी हसत होते, म्हणून ते आणखी चिडले.

मग घरी येऊन ट्यूबलाइटखाली उभी राहिले, ते तुला सांगितलंच. बाबा डोलवीहून शिफ्ट संपवून आले होते, जेवत होते. माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, हात धुतले, चष्मा लावला. हनुवटी धरली. डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"नाय," ते म्हणाले. "कुठंच नाय लागलं."

पुढच्या वेळी मारीनसुद्धा, सरांना शब्द दिलाय. तुला एवढाच देते: कुठूनही आले, जिंकून की हरून, आधी तोंड दाखवीन, मगच पिशवी खाली ठेवीन. बाबा बघतील. तूही बघ.

नेलं तसं तोंड घेऊन आलेली,
तुझी मनू